सत्तावीस नंबर, चर्चच्या मागे

१

१७ ऑगस्ट १९७६, मंगळवार. आमची लंडनची कंपनी राहिली नाही हे मला त्या दिवशी कळलं. संपली होती ती जूनमध्येच. त्यानंतर दोन महिने आम्ही सोलापुरात तिच्या नावानं चादरी विणत होतो, गाठी बांधत होतो, जहाजावर चढवत होतो.

बँकेच्या मॅनेजरनं माणूस पाठवून मला बोलावून घेतलं.

"बसा, संगप्पाशेठ. तुमची लंडनची कागदपत्रं परत आलीत."

"का? माल नको म्हणाले?"

"नको म्हणायला तरी कुणी पाहिजे ना. या नावाची कंपनी रजिस्टरवर नाही, असं तिथल्या बँकेनं कळवलंय. अकरा जूनला नाव काढून टाकलं."

"कुणी?"

"तिथल्या सरकारनं. कंपन्यांच्या रजिस्ट्रारनं."

मी म्हणालो, "कंपनी माझी. मला न विचारता कसं काढतील?"

"विचारलं होतं, शेठ. धंदा चालू आहे का म्हणून दोनदा पत्र टाकलं. उत्तर नाही म्हटल्यावर गॅझेटात छापलं, तीन महिने वाट पाहिली. पत्रं तुमच्या तिथल्या पत्त्यावर गेली होती."

"आणि साठ गाठी आहेत लंडनच्या गोदीत, त्या?"

मॅनेजरनं चष्मा पुसला. "कंपनी नाही म्हटल्यावर माल ताब्यात कोण घेणार? कंपनीचं म्हणून जे काही असेल, ते आता तिथल्या राणीचं."

कंपनीचं नाव 'सिद्धगौरी (लंडन) लिमिटेड'. ती काढली माझ्या बायकोनं, गौरम्मानं. डायरेक्टर आम्ही दोघं आणि सेक्रेटरी तीच. रिझर्व्ह बँकेची परवानगी मिळवायला वर्ष गेलं, ते सगळं तिनं केलं. परदेशात कंपनी काढायची तर काय लागतं हे मला तिनंच समजावलं होतं. तिकडच्या कंपनीला तिकडचाच पत्ता पाहिजे. पोस्टातली पेटी चालत नाही. खरं घर नाहीतर दुकान पाहिजे, बाहेर नावाची पाटी पाहिजे, आणि सरकारी कागद तिथंच येणार. तिथं पत्र पोचलं की कंपनीला पोचलं. मग कुणी वाचो न वाचो. पत्ता बदलला तर सेक्रेटरीनं नाहीतर डायरेक्टरनं सही करून कळवायचं.

आमचा पत्ता होता बसलिंगप्पा करजगीच्या कापड दुकानाचा.

मॅनेजरनं एक फोटोकॉपी पुढं सरकवली. पत्ता बदलल्याची सूचना. करजगीच्या दुकानाचा पत्ता काढून नवा दिलेला होता. मी इंग्रजी सावकाश वाचतो. सत्तावीस नंबर, डॅनली स्ट्रीट, चर्चच्या मागे, लंडन. खाली तारीख १३ ऑक्टोबर १९७५, आणि सही गौरम्माची.

सही खरी होती. चोवीस वर्षं पाहिलेली सही मला कळते. पण तेरा ऑक्टोबरला ती मिरजेच्या दवाखान्यात होती. तिला हातात चमचा धरता येत नव्हता. वीस तारखेला ती गेली.

२

कुणी केलं हे मी बँकेची पायरी उतरायच्या आधीच ठरवून टाकलं. करजगी.

त्याचं सांगितलं पाहिजे. बसलिंगप्पा करजगी आणि गौरम्मा अक्कलकोटच्या एकाच गल्लीतले. तिच्यासाठी आधी त्याच्याकडून विचारणा आली होती. मग तो विलायतेला गेला आणि सोयरीक माझ्याशी झाली. तिनं हे लग्नानंतर आठ दिवसांतच हसत सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण मी ते विसरलो नाही.

कंपनी काढायची ठरली तेव्हा पत्त्यासाठी तिनं त्यालाच पत्र घातलं. त्यानं लगेच हो म्हटलं, पैसा घेतला नाही. पाटी लागते म्हणून तिनं आमच्या जकार्डच्या मागावर कंपनीचं नाव चादरीच्या पट्टीत विणून घेतलं. करजगीनं ती काचेच्या चौकटीत बसवून दुकानाच्या दाराशी लावली आणि फोटो पाठवला. फोटोत पाटी होती आणि शेजारी तो, कोट घालून. त्याच्या दारावर माझ्या बायकोचं नाव. लोकांना ते देवीचं नाव वाटलं असेल. मला तसं वाटलं नाही.

त्याची पत्रं आली की ती खिडकीशी बसून वाचायची. मधेच हसायची. मी कधी विचारलं नाही काय लिहिलंय, आणि तिनंही वाचून दाखवलं नाही, कारण मी तोंड फिरवून बसायचो. ती गेल्यावरही पत्रं येत राहिली. पाकिटावर तिचं नाव. मी एकही फोडलं नाही. तिच्या ट्रंकेत टाकत गेलो.

बँकेतून मी साखर पेठेतल्या ऑफिसात आलो. आमचा हेडक्लार्क मडिवाळप्पा टाइपरायटर पुसत होता. सव्वीस वर्षं नोकरी. त्याला फोटोकॉपी दाखवली.

त्यानं ती बराच वेळ पाहिली. "सही वैनींची आहे, मालक."

"ते मला दिसतंय. तेरा तारखेला ती कुठं होती?"

"मिरजेला. पण मालक, मिरजेला जाण्याआधी वैनींनी तीन कोरे फॉर्म सही करून ठेवले होते. यायला उशीर झाला तर काम अडू नये म्हणून. तुम्ही होता की तेव्हा."

होतो. आमच्याकडे हे चालतं. विश्वासाच्या घरात कोऱ्या कागदावर सही करतात. मडिवाळप्पानं कपाट उघडलं. फॉर्म दोनच निघाले.

"तिसरा?"

"फॉर्म मुळात करजगींनीच पाठवले होते. सही करून एखादा त्यांच्याकडे परत धाडला असेल, तर मला सांगता येणार नाही. परदेशाची पत्रं पूर्वी मी बघत होतो. नंतर वैनी बघायच्या."

मला हवं होतं तेच तो बोलला. मी फोटोकॉपी उजेडाकडे धरली. कोपऱ्यात लंडनच्या ऑफिसात पोचल्याचा शिक्का होता. दहा नोव्हेंबर. विमानाच्या टपालाला इथून आठ दिवस लागतात. म्हणजे कागद सोलापुरातून निघाला असेल तर दिवाळीच्या तोंडाला निघाला, गौरम्मा गेल्यावर. लंडनमध्येच टाकला असेल तर आदल्या दिवशी.

"दिवाळीच्या आधी इथलं टपाल कोण टाकायचं?" मी विचारलं.

मडिवाळप्पानं कपाट बंद केलं. "तुम्ही तेव्हा ऑफिसात येत नव्हता, मालक. टपाल धाकटे मालक नेत होते."

धाकटे मालक म्हणजे माझा सख्खा भाऊ.

३

चनबसप्पा गोडाऊनमध्ये गाठी मोजत होता. बनियन, गळ्यात लिंगाची पेटी, कानावर पेन्सिल.

"ये अण्णा. मेलेल्या कंपनीचा बारावा कधी?"

"तुला कुणी सांगितलं?"

"बँकेचा शिपाई हितं च्या पिऊन गेला की."

मी सरळ विचारलं. "दिवाळीच्या आधी लंडनचं एक पाकीट तू टाकलंस का?"

"धा टाकली असतील. मी काय पाकिटं वाचत बसतो व्हय? मडिवाळप्पा देतो, मी टाकतो. डायरेक्टर तू, डायरेक्टर वैनी. मी गोडाऊनचा उंदीर." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "तुला सांगू का अण्णा, मला राग आला हुता. लई आला हुता. लंडनला जाऊन आलो मी, आन कंपनीत नाव वैनीचं. पर वैनीनं मिरजेला जाताना मला बोलवून घेतलं. म्हणली, आलं की तुजं नाव घालते, चनबसू. मग राग धरून काय करू? तीच गेली."

चनबसू त्र्याहत्तरला प्रदर्शनासाठी बारा दिवस लंडनला गेला होता. ती गोष्ट त्यानं घरात पन्नासदा सांगितली आहे. मी फोटोकॉपी त्याच्या हातात दिली.

त्यानं नवा पत्ता वाचला आणि मोठ्यानं हसला. "चर्चच्या मागं? ह्यो कुणी लिवलाय?"

"त्यात काय चुकलं?"

"अण्णा, आपला पत्ता कसा आसतो? बाळीवेस, देवळासमोर, संगप्पा चादरवाले. पोस्टमन दारात येतो, हाक मारतो. आपण परगावी गेलो तर शेजारच्याला इचारून तितं धाडतो. तिकडं तसं न्हाय. मी पयल्या दिवशी हाटेल शोधत हुतो. एकाला इचारलं, मोठ्या घड्याळासमोरचं हाटेल कुटं हाय? तो म्हणला, नंबर सांग. नंबर मला कुटला ठावं? दोन तास फिरलो थंडीत. तितं दाराला एक फट आसते. पोस्टमन नंबर बघतो, फटीत टाकतो, जातो. आत माणूस हाय का म्हैस, त्येला काय करायचंय."

"मग?"

"मग काय! पंचवीस वर्सं तितं ऱ्हायलेला करजगी 'चर्चच्या मागं' लिवल व्हय? त्यो तर आपल्या सोलापूरच्या पत्त्यालाबी घर नंबर लिवतो."

मला ते आवडलं नाही. मी म्हणालो, "आपल्याला फसवायला मुद्दाम लिहिलं असेल."

"तुला त्योच चोर पायजे दिसतंय." चनबसूनं कानावरची पेन्सिल काढली. "आपल्या वळखीचं लंडनला हाय कोण? एक करजगी, एक मडिवाळप्पाचा भाचा सिदू. त्यो बापडा हाटेलात बशा धुतो. आन मी जाऊन आलोय. त्यातला मी हितं बसलोय. धर मला."

राग होता असं त्यानं स्वतःच सांगितलं होतं. पाकीट त्यानंच टाकलं होतं. त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा माझ्या डोक्यात दोन चोर होते, एक लंडनचा आणि एक घरातला. घरातला नसावा म्हणून मी लंडनच्या चोरावर जास्त भार टाकत होतो.

४

काशम्मा माझी थोरली बहीण; मला कानडीत 'तम्मा' म्हणते, धाकटा भाऊ म्हणून. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहते. शाळेत गेली नाही. मिरजेला शेवटचे पंधरा दिवस गौरम्माजवळ तीच होती. मी आलो तेव्हा ती उखळात शेंगाची चटणी कुटत होती.

मी तिला सगळं सांगितलं. ती कुटत राहिली.

"तो पत्ता पुन्यांदा सांग."

"सत्तावीस नंबर, डॅनली स्ट्रीट, चर्चच्या मागे."

"आन तितली पत्रं कुटं गेली?"

"कुणाला माहीत. तिथं घेणारं कुणी नसेल."

तिनं मुसळ बाजूला ठेवलं. "तम्मा, एक सांग. मला तुजी चावी हिरीत टाकायची हाय. मी टाकताना म्हणल का, बाबा, उजव्या अंगाच्या दगडाजवळ पडू दे?"

"म्हणजे?"

"तुजी कंपनी बुडवायची आसती, तर चोरानं कायबी नंबर लिवला आसता. हितं पत्र पोचूच नये म्हणून. ह्येनं नंबर दिला, रस्ता दिला, वर खूण दिली. चर्चच्या मागं. पोस्टमन चुकू नये म्हणून. ज्येला पत्र हरवायचं हाय, त्यो खूण कशाला सांगल?"

मी खिशातून फोटोकॉपी काढून पत्ता पुन्हा वाचला.

"पत्र पोचावं आसं वाटत हुतं त्येला. न्हाय पोचलं ती गोष्ट येगळी. आता इचार कर. करजगीला पत्र पायजे आसतं तर? ती त्येच्याच दुकानात येत हुती. त्येनं पत्ता कशाला बदलावा? चनबसूला इंग्रजी पत्राचा कटाळा. लंडनची गोष्ट सांगायला पायजे त्येला, लंडनचं पत्र नगं."

"मग कुणाला पाहिजे होतं?"

"ज्येच्या हातातनं पत्रं गेली त्येला." तिनं पुन्हा मुसळ उचललं. "गौरीनं कुणाच्या हातातनं काढून घेतली, ते आठव."

आठवायला लागलं नाही. 'परदेशाची पत्रं पूर्वी मी बघत होतो.' हे वाक्य मी सकाळीच ऐकलं होतं. आणि चनबसूनं दुपारी भाच्याचं नाव सांगितलं, तेव्हा मला ते ऐकायचं नव्हतं.

"अक्का, तुला आधीपासून संशय होता?"

"न्हाय रे. पर तुज्यासारकं मी कुणावर जळत न्हाय. त्येनं जरा बरं दिसतं."

५

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडल्या उघडल्या मी गेलो. मडिवाळप्पा नेहमीप्रमाणे माझ्या आधी आलेला होता.

"सिदू कुठं राहतो, मडिवाळप्पा?"

त्यानं टाइपरायटरवरचा कपडा काढला, घडी घातली, पुन्हा उलगडली.

"आता बर्मिंगहॅमला, मालक."

"आधी?"

"लंडनला. डॅनली स्ट्रीटला." मग तो हळू म्हणाला, "त्याच्या पत्रात असायचं, मामा, आमची खोली चर्चच्या मागं आहे, घंटेनं जाग येते."

मी खुर्चीत बसलो. तो उभाच राहिला. बस म्हणालो तरी बसला नाही.

"कपाटाची किल्ली तुझ्याकडं. फॉर्म तू काढलास?"

"मी काढला. मीच भरला. चनबसप्पांना पाकीट मीच दिलं. त्यांना काही माहीत नव्हतं. तारीख आधीची घातली, कारण गेलेल्या माणसाची सही चालणार नाही. तेरा तारखेची खंडेनवमी मनात राहिली होती. त्या दिवशी ऑफिसात मी एकटा होतो. टाइपरायटरला हळदकुंकू लावलं, वैनींच्या पेनालाही लावलं. तीच तारीख हातून लिहिली गेली."

"का केलंस?"

"सांगितलं तर पटणार नाही."

"सांग."

"सव्वीस वर्षं मी या ऑफिसची इंग्रजी पत्रं लिहिली. नैरोबी, एडन, सिंगापूर. उत्तर आलं की तुमचे वडील म्हणायचे, मडिवाळप्पाला बोलवा. मग वैनी आल्या. माझ्याकडूनच टायपिंग शिकल्या, मालक. मीच शिकवलं. दोन वर्षांत त्यांची पत्रं माझ्यापेक्षा चांगली झाली. लंडनची कंपनी काढताना मी म्हणालो, सिदूच्या खोलीचा पत्ता द्या. वैनी म्हणाल्या, भाड्याच्या खोलीवर पाटी कशी लावणार? आज आहे, उद्या नाही. त्यांचं बरोबर होतं. मला त्याचाच जास्त राग आला. कागदावर सेक्रेटरी म्हणून त्यांचं नाव आलं. टाइप मी केलं होतं ते नाव."

तो खिडकीकडे पाहत बोलत होता.

"त्या गेल्यावर मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल, मडिवाळप्पा, बघ. तुम्ही काही म्हणाला नाही. करजगींचं पाकीट आलं की तुम्ही न फोडता घरी न्यायचा. मग मी ठरवलं, सरकारी पत्रं तरी माझ्याकडे येऊ देत. सिदूला मिळतील, तो मला धाडेल, मी चांगलं उत्तर लिहीन. एक दिवस तुम्हाला कळेल की कंपनी मी सांभाळली."

"आणि सिदू?"

"डिसेंबरात बर्मिंगहॅमला गेला. मला काळजी वाटली नाही. मला वाटलं, पोस्टमन त्याला शोधेल. आपला पोस्टमन नातेपुत्याला बदली झालेल्या माणसाचं पत्र तिथं धाडतो की. मी रोज टपाल बघत होतो, मालक. दिवाळीपासून जूनपर्यंत. कंपनीच्या माहितीचा वर्षाचा तक्ता सरकारला धाडायचा होता, त्याची आठवण रजिस्ट्रार करून देईल, मग धाडू असं म्हणत राहिलो. पत्र येईना. मला वाटलं, तिकडून लिहिलंच नसेल. शेवटी जूनमध्ये सिदूला विचारलं तर तो म्हणाला, ते घर पाडायला काढलंय, दाराला कुलूप आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो." आता त्यानं माझ्याकडे पाहिलं. "पण तुम्हाला तरी कुठं कळून घ्यायचं होतं? मी एक पत्ता बदलला, मालक. तुम्ही पाकिटंच फोडली नाहीत. करजगींनी काही लिहिलं नसेल असं तुम्हाला वाटतं?"

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मी उठलो आणि घरी गेलो.

६

ट्रंकेत सात पाकिटं होती. मी ती तारखेप्रमाणे लावली. चाकूनं फोडली. अक्का समोर बसली. तिला वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचलं.

सगळी पत्रं मराठीत होती. प्रत्येकाची सुरुवात एकच. 'श्री. संगप्पाअण्णा व सौ. गौरम्मा यांस, बसलिंगप्पाचा नमस्कार.' पाकिटावर सेक्रेटरी म्हणून तिचं नाव, आत आधी माझं. मी ट्रंकेतली जुनी पत्रंही काढली, गौरम्मा जिवंत असतानाची. त्यातही तसंच. ती ज्यावर हसायची ते मी शोधलं. त्याच्या दुकानात आलेल्या एका म्हातारीनं आमची चादर टेबलावर घालायची का भिंतीवर लावायची असं विचारलं होतं. ते होतं एक.

न फोडलेल्यातलं पहिलं नोव्हेंबरचं. 'तब्येत कशी आहे ते कळवा. मिरजेचे डॉक्टर चांगले आहेत असं ऐकून आहे.'

दुसरं डिसेंबरचं. 'रजिस्ट्रारकडचं वर्षाचं पत्र या वेळी आलं नाही म्हणून त्यांच्या ऑफिसात जाऊन विचारलं. ते म्हणाले, पत्ता बदलला आहे. गौरम्मांची सही मला दाखवली. तुम्ही दुसरी सोय केली असेल तर माझी ना नाही. फक्त मला कळवलं असतं तर बरं झालं असतं. पाटी काढून ठेवू का?'

तिसऱ्यात तब्येतीची चौकशी होती, दुसरं काही नव्हतं.

चौथं मार्चचं. ते मी आधी मनातच वाचू लागलो. अक्का म्हणाली, "वाच की."

'आपल्या कंपनीचं नाव गॅझेटात आलं आहे. तीन महिन्यांत हरकत घेतली नाही तर काढून टाकतील. मी तुमच्या कंपनीत कुणी नाही, म्हणून मला बोलायचा अधिकार नाही. अण्णा, तुमची एक ओळ आली तरी मी ती घेऊन तिथं जाईन. दुकान एक दिवस बंद ठेवलं तरी चालेल.'

पाचवं एप्रिलचं. 'उत्तर नाही. मी मधे पडलेलं तुम्हाला आवडत नसेल असं आता वाटू लागलं आहे. गौरम्मा आमच्या गल्लीतली, म्हणून मी हक्कानं लिहीत गेलो. ते चुकलं असेल तर अण्णांनी माफ करावं.'

सहाव्यात त्यानं नाव काढल्याचं कळवलं होतं. सातवं जुलैचं, चार ओळींचं. पाटी त्यानं उतरवली नव्हती. काच पुसताना ती दिसते म्हणे.

कुठल्याच पत्रात त्यानं गौरम्मासाठी दुखवट्याचा शब्द लिहिला नव्हता. सातव्यातही 'सौ.' होतं. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. अक्कलकोटला त्याचं आता कुणी राहिलेलं नाही. कळवायचं होतं ते मी.

अक्कानं पाकिटं गोळा केली. मग म्हणाली, "मडिवाळप्पाला काडून टाकनार?"

"त्यानं केलं ते चूक आहे."

"चूक हाय की. आन तू केलंस ते?"

मी पाकिटं तिच्या हातून घेऊन ट्रंकेत ठेवली.

मडिवाळप्पाला मी काढलं नाही. पोलिसातही गेलो नाही. त्यानं सगळं लिहून, खाली सही करून दिलं आहे. ते बँकेच्या सल्ल्यानं लंडनच्या वकिलाकडे गेलं. वकिलाचं उत्तर गेल्या आठवड्यात आलं. मडिवाळप्पानंच ते मला वाचून दाखवलं, एकही शब्द न गाळता. कोर्टात अर्ज करून कंपनी पुन्हा रजिस्टरवर घेता येते. अर्ज भागधारक म्हणून मी करायचा. त्यात चूक कशी झाली ते सांगायचं, राहिलेले तक्ते भरायचे, आणि कंपनीला लंडनमध्ये एक पत्ता दाखवायचा. खरी जागा, बाहेर पाटी, आणि आलेलं पत्र उचलून घेणारा माणूस. जागेच्या मालकाची लेखी संमती जोडायची. गोदीवाले साठ गाठी ऑक्टोबरअखेरपर्यंत ठेवतील.

चनबसूचं नाव डायरेक्टर म्हणून घालायचे कागद तयार आहेत. तो म्हणतो, "अण्णा, मी जाऊन येतो लंडनला, बोलतो करजगीशी." मी नको म्हणालो. ते त्यानं सांगायचं नाही.

अक्का रोज विचारते, "लिवलंस?"

आज सप्टेंबरची एकोणतीस तारीख. अर्ज तयार आहे, तक्ते तयार आहेत. पत्त्याची जागा कोरी आहे. ती मागायला बसलिंगप्पाला पत्र लिहावं लागेल, आणि त्याची पहिली ओळ गौरम्मा गेली ही असली पाहिजे. ते पत्र मी अजून लिहिलेलं नाही.